आला की बसला

कागदावर ‘हृदय बंद पडून मृत्यू’ असं लिहिलेलं दिसलं की कोडबाईंचा पारा चढायचा.

"हृदय सगळ्यांचंच बंद पडतं," पेनाचं टोपण टेबलावर आपटत त्या म्हणायच्या. "ट्रकखाली गेलेल्याचंही पडतं आणि नव्वदी गाठून झोपेत गेलेल्याचंही पडतं. का पडलं ते लिहा ना. डॉक्टर झालात कशाला?"

डॉक्टर अर्थातच समोर नसायचे. समोर असायचा शेजारच्या टेबलावरचा, जन्माच्या नोंदी करणारा कारकून. त्याचं काम सोपं. आईचं नाव, बापाचं नाव, वजन, संपलं. "माझ्याकडे असली भानगड नाही, बाई," तो म्हणायचा. "माझ्याकडे सगळे एकाच कारणाने येतात."

शहराच्या आरोग्य कार्यालयात पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागूनच ही खोली. दारावर पाटी ‘जन्म-मृत्यू नोंद व वर्गीकरण’. शहरात कुणीही गेलं की त्याचा एक कागद इथे येतो. दवाखान्यात गेला असेल तर दवाखान्यातून येतो. घरी गेला असेल तर महिनाभराने एक नर्स त्या घरी जाते, माणसांशी बोलते आणि कागद भरून आणते. कोडबाईंनी त्यावरचं कारण वाचायचं आणि त्याला ठरलेल्या यादीतला एक अंक, म्हणजे कोड, द्यायचा. वर्षाच्या शेवटी या अंकांची बेरीज होते, आणि शहरात कोण कशाने गेलं ते कळतं. त्यावरून मग औषधं, डॉक्टर, तपासणीस कुठे किती पाठवायचे ते ठरतं. एकोणीस वर्षं त्या हेच करत होत्या. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

अडचण एवढीच की लोक पुस्तकाच्या भाषेत मरत नाहीत. ‘अंगात ताप मुरला’, ‘अन्नच सोडलं’, ‘वय झालं होतं’, ‘मुलगा गेल्यापासून हाय खाल्ली’. आता हाय खाल्ली याला कुठला अंक द्यायचा, सांगा. म्हणून कोडबाईंनी फार पूर्वीच एक तक्ता केला होता. डावीकडे लोकांचे शब्द, उजवीकडे त्यांचा सरकारी अर्थ आणि अंक. एकूण एकशे चाळीस ओळी, कोडबाईंच्या सुबक अक्षरात, टेबलाच्या काचेखाली. नवा कारकून आला की आधी तक्ता पाठ, मग चहा. त्यातली सत्तेचाळिसावी ओळ होती: झटका – हृदयविकार.

आरोग्य अधिकारी साहेब या तक्त्यावर इतके खूश झाले की त्यांनी तो रंगीत छापून आसपासच्या बेचाळीस कार्यालयांना वाटायचं ठरवलं. गुरुवारी सभागृहात सगळ्यांचं प्रशिक्षण होतं आणि बोलणार होत्या कोडबाई. ऑफिसात त्या "कशाला उगीच एवढं" म्हणत होत्या आणि घरी आरशासमोर भाषणाची तालीम करत होत्या. माणसाला एकोणीस वर्षांत एकदा मिरवावंसं वाटलं तर त्यात काय बिघडलं?

तर त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी, साडेअकराला, खिडकीशी एक बाई आली. काखेत शाळेच्या गणवेशांचं गाठोडं आणि गळ्यात मापाची टेप, काढायची विसरलेली. तिने एक पत्र आत सरकवलं.

"हे तुमच्याकडून गेलंय का?"

कोडबाईंनी वाचलं. क्रीडा शाळेच्या डॉक्टरांनी मागितल्यावरून कार्यालयाने दिलेला उतारा होता. पुरुष, वय चौतीस, आठ वर्षांपूर्वी, मृत्यूचं ठिकाण घर, कारण हृदयविकार. खाली शिक्का. "आमचंच आहे. काय चुकलं?"

"कारण चुकलं. ह्यांना हृदयाचं काही नव्हतं. आमची घरातच लाँड्री होती. मशीनला हात लावला आणि झटका बसला."

"मग तेच तर लिहिलंय. झटका म्हणजे हृदयविकार."

"अहो, करंटचा झटका," ती बाई म्हणाली. "मी कपडे पोचवायला गेले होते. आले तर हे जमिनीवर. शेजाऱ्यांनी मेन स्विच पाडला तेव्हा कुठे त्यांना हात लावता आला. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. चौकशीचा ससेमिरा कशाला मागे लावून घेता, म्हणाले सगळे. मी तेव्हा भानावर नव्हते. आणि घरी जो दाखला मिळाला त्यावर कारण नसतंच हो, नुसती तारीख असते. तुम्ही वहीत काय लिहिलंय ते मला आठ वर्षांनी कळतंय."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. तिला एक मुलगी आहे, तेरा वर्षांची. पायाला भिंगरी लावूनच जन्मली म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणतात. पळण्यात क्रीडा शाळेने तिला निवडलं होतं, तीनशे मुलांतून बारा. पण शाळेचे डॉक्टर सही करेनात. बाप चौतिसाव्या वर्षी हृदयाने गेला, असं सरकारी कागद सांगतोय. पोरीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी डॉक्टर म्हणतात, काही दोष रक्तातून येतात आणि तपासणीत दिसत नाहीत. पळता पळता पोर कोसळली तर जबाबदार कोण? कागद बदलून आणा, नाहीतर शुक्रवारी चार वाजता तिची जागा पुढच्या मुलीला जाईल.

"जागा गेली तर गेली, बाई," ती म्हणाली. "पण पोरगी आता घरातसुद्धा पळत नाही. जिना चढताना मध्येच थांबते आणि छातीवर हात ठेवून बघते. तेरा वर्षांची पोर."

कोडबाईंच्या काळजात चर्र झालं. पण एकोणीस वर्षांची सवय अशी की तोंडातून निघालं भलतंच. "नोंद अशी तोंडी बदलत नाही. अर्ज द्यावा लागेल."

"तीन दिलेत. तिन्ही वेळा उत्तर म्हणून ह्याच उताऱ्याची नक्कल आली." तिने पत्राची घडी घातली. "मी रोज येते शुक्रवारपर्यंत. गणवेश पोचवायचा रस्ता इथूनच आहे."

ती गेली. कोडबाईंनी कामात डोकं घातलं, पण लक्ष लागेना. जन्मवाल्या कारकुनाने दोनदा चहाला विचारलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी घरी त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याशीच उभ्या राहिल्या. सासूबाई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. वय ब्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

"आई, झटका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?"

"कसला झटका? आला की बसला?"

"त्यात काय फरक?"

सासूबाईंनी सुनेकडे असं बघितलं, जणू हिला पगार कुणी आणि कशाबद्दल देतंय. "आतून होतं ते येतं. हृदयाचा झटका येतो, लकव्याचा येतो, डोकं फिरतं तेव्हा रागाचाही येतो. बाहेरून लागतो तो बसतो. विजेचा बसतो. आणि तुझ्या नवऱ्याने एकदा आपणहून भांडी घासली होती, तेव्हा मला बसला होता."

"मी इथेच आहे," बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला.

"माहीत आहे. म्हणूनच मोठ्याने बोलले."

एरवी कोडबाई हसल्या असत्या. त्या हातातल्या चहाच्या डब्याकडे बघत राहिल्या. आधण आटत आलं तेव्हा सासूबाईच उठल्या आणि गॅस बंद केला.

मंगळवारी सकाळी कोडबाई थेट तळघरात उतरल्या. तिथे जुने कागद आणि ते सांभाळणारे दप्तरीकाका. दोघेही धुळीने माखलेले आणि दोघांनाही कुणी फारसं विचारत नसे. कोडबाई जातीने आल्या हे बघून काका उठून उभेच राहिले.

"तुम्ही स्वतः? वर कुणी उरलं नाही का?"

"आठ वर्षांपूर्वीचे घरच्या मृत्यूंचे कागद हवेत. मूळ."

"मूळ कागद आजवर कुणी मागितला नव्हता," काका शिडी ओढत म्हणाले. "लोक अंकावर समाधानी असतात."

अर्ध्या तासात गठ्ठा सापडला आणि पंधरा मिनिटांत कागद. कारणाच्या चौकटीत नर्सने निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘शॉक बसून’. त्यातल्या ‘शॉक’ या शब्दावर काट मारलेली होती आणि वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘झटका’. काट हिरव्या शाईची होती. वरचा शब्दही हिरव्या शाईचाच.

आता हिरवी शाई त्या अख्ख्या इमारतीत एकच बाई वापरत असे.

कोडबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना सगळं लख्ख आठवलं. त्या वर्षी वरून परिपत्रक आलं होतं की सरकारी कागदांत परके शब्द नकोत. बाकीच्यांनी ते फाईलला लावलं आणि विसरून गेले. कोडबाईंनी मात्र डोळ्यांत तेल घालून एकेक कागद शुद्ध केला. ‘ॲक्सिडेंट’चा ‘अपघात’ केला, ‘प्रेशर’चा ‘दाब’ केला, आणि ‘शॉक’चा ‘झटका’. त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्रसुद्धा मिळालं होतं. ते अजून त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर होतं. मग महिन्याभराने तोच गठ्ठा अंक देण्यासाठी त्यांच्यासमोर आला, आणि त्यांनी तक्त्यात बघितलं. झटका म्हणजे हृदयविकार. लावला अंक. दोन्ही वेळा काम चोख, दोन्ही वेळा त्याच बाई, आणि मधल्यामध्ये एका माणसाचं मरण बदलून गेलं.

"पाणी देऊ?" दप्तरीकाकांनी विचारलं.

"नको." त्यांनी कागद उलटा केला.

मागच्या पानावर घरच्यांचं म्हणणं लिहायला जागा असते. अंक देणारं कुणी ते वाचत नसे. पानं लिहायची ती एकच नर्स, आणि इतकी लांबण लावायची की ऑफिसात तिला सगळे कादंबरी म्हणत. "सिस्टर, गोष्टी नकोत, कारण द्या," असं तिला झापणाऱ्यांत कोडबाई पहिल्या. आता त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच मागचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांना डोळेही पुसावे लागले.

बुधवारी त्या दुरुस्तीचा प्रस्ताव घेऊन साहेबांच्या दालनात गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त छापून झालेली गोष्ट बदलायची म्हटलं की ते विषय बदलायचे. त्यांनी प्रस्ताव वरवर चाळला.

"एवढंच ना? ‘कुटुंबाकडून नवीन माहिती मिळाली’ असं कारण लिहा. मी सही करतो. विषय संपला."

"नवीन काहीच नाही, साहेब. कागद आठ वर्षं आपल्याच तळघरात पडलाय. आणि कुटुंब सांगतंय म्हटल्यावर तो शाळेचा डॉक्टर का ऐकेल? आई आहे, पोरीसाठी काहीही सांगेल, असंच म्हणेल. कार्यालयाने स्वतः लिहून द्यायला हवं की आमची चूक झाली. सोबत मूळ कागदाची नक्कल जोडायची. मग त्याला तोंड उघडायला जागा राहत नाही."

"कार्यालयाची चूक म्हणजे नेमकी कुणाची?"

"माझी. आणि माझ्या तक्त्याची."

साहेबांनी खुर्चीत मागे टेकून छताकडे पाहिलं. "बाई, पाचशे प्रती छापून आल्यात. रंगीत. उद्या बेचाळीस कार्यालयांची माणसं येतायत आणि तुम्ही आज मला सांगताय की तक्ताच चुकलाय?"

"एक ओळ चुकली आहे. निदान एक तरी."

"उद्याचा कार्यक्रम पार पडू द्या. सोमवारी बघू."

"शुक्रवारी चारला मुदत संपते, साहेब."

"सोमवारी," साहेब म्हणाले आणि फोन उचलला. कोडबाईंनी प्रस्ताव त्यांच्या टेबलावर ठेवला, मूळ कागदाची नक्कल मागचं पान वर येईल अशी त्याला लावली, आणि बाहेर आल्या.

त्या दिवशी शिवणकाम करणारी बाई खिडकीशी आली तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. "चाललंय," एवढंच त्या म्हणाल्या. बाईने मान हलवली. आठ वर्षांत तिने हा शब्द बऱ्याच खिडक्यांवर ऐकला असणार.

दुपारी कोडबाईंनी कादंबरीला बोलावून घेतलं. दोघी तळघरात बसल्या, दप्तरीकाका गठ्ठे उतरवत राहिले. त्या एकाच वर्षात झटक्याचे एकशे अठरा कागद निघाले. त्यांतले एकशे सात ‘आला’वाले, आणि अकरा ‘बसला’वाले. अकराही कागदांवर हिरवी शाई.

"मी शॉकच लिहीत होते," नर्स म्हणाली. तक्रार करायचा तिचा सूर नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "तुम्ही बदलायचात. मग मी पण झटकाच लिहायला लागले. म्हटलं, बाईंना जास्त कळतं."

"मला कळत नव्हतं, सिस्टर."

"मागच्या पानावर मात्र मी लिहीत राहिले. कुणी वाचलं नाही तरी सांगणाऱ्याला बरं वाटतं ना, समोरचा लिहून घेतोय म्हटल्यावर."

कोडबाई त्या अकरा कागदांकडे बघत बसल्या. आपल्याच वार्षिक अहवालात छापलं होतं की या शहरात विजेच्या झटक्याने गेलेल्यांची संख्या शून्य. शून्य म्हटल्यावर घराघरातलं वायरिंग तपासायला माणसं कोण नेमणार? अख्ख्या शहराला एक तपासणीस होता, तोही वर्षभर रजेवर. आणि अकरा घरांत पोरंबाळं असतील, ज्यांना कुणीतरी सांगत असेल की तुमच्या रक्तात हृदयाचं आहे, जपा. पाचशे रंगीत प्रती गेल्या की बेचाळीस गावांत हेच होणार. त्यांना स्वतःचाच असा संताप आला की भाषणाचे कागद त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकले.

गुरुवारी सभागृह भरलं. प्रत्येकाच्या हातात रंगीत तक्ता होता. पहिल्या रांगेत साहेब, मांडीवर बॅग. त्यांनी कोडबाईंची ओळख करून दिली, त्यात ‘आदर्श’ हा शब्द तीनदा आला. कोडबाई उठल्या.

"नमस्कार. सगळ्यांनी पेन काढा आणि सत्तेचाळिसावी ओळ बघा," त्या म्हणाल्या. "झटका. त्यावर काट मारा."

सभागृहात चुळबूळ झाली. कुणाला वाटलं छपाईची चूक असेल.

"छपाई बरोबर आहे. चूक माझी आहे. मला माझ्या सासूबाईंनी विचारलं, झटका आला की बसला? मी एकोणीस वर्षं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. परिपत्रक, हिरवी शाई, प्रमाणपत्र, अकरा कागद. नावगाव न सांगता त्या पोरीचंही सांगितलं, जी जिन्यात थांबून छातीवर हात ठेवते. सांगताना त्यांचा आवाज दोनदा फाटला. त्यांनी तो लपवला नाही.

बोलून झालं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोडबाईंना वाटलं, झालं, एकोणीस वर्षांचं नाव मातीत गेलं. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक टकला कारकून उठला. पाच हजार वस्तीच्या गावाहून आलेला. घसा खाकरून म्हणाला, "बाई, आमच्याकडे ‘भोवळ’चं असंच आहे. आम्ही सगळ्यांना एकच अंक देतो. पण रंगाच्या कारखान्यातल्या माणसांना भोवळ येते ती वेगळी, असं मला बरीच वर्षं वाटतंय. विचारायचं कुणाला, म्हणून गप्प होतो."

मग दुसरी उठली. तिचं ‘पोटात दुखून’ होतं. मग तिसरा. हां हां म्हणता सगळे बोलायला लागले. एक तासाचा कार्यक्रम तीन तास चालला, चहा गार झाला, आणि शेवटी रंगीत तक्त्यावर सव्वीस ओळी खोडलेल्या होत्या. प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी घरच्यांना विचारायचा एक साधा प्रश्न लिहिलेला होता. कोडबाईंनी इतकी वर्षं या माणसांच्या फक्त सह्या पाहिल्या होत्या. त्यांना डोकी आहेत आणि ती रात्रंदिवस चालतात, हे त्यांना आज दिसलं.

पांगापांग झाल्यावर साहेब जवळ आले. कोडबाईंनी मनाची तयारी केली.

"पाचशे प्रतींचं काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"मागची बाजू कोरी आहे, साहेब. मागच्या पानावर लिहू."

साहेबांनी बॅग उघडली आणि प्रस्ताव बाहेर काढला. "काल संध्याकाळी घरी नेला होता. तुम्ही मुद्दाम मागचं पान वर ठेवलंत ना?"

"हो."

"वाटलंच मला." त्यांनी खिसे चाचपले. "पेन द्या."

सही हिरव्या शाईत झाली.

शुक्रवारी शिवणकाम करणारी बाई दहालाच आली. कोडबाईंनी तिला खिडकीशी उभं ठेवलं नाही. आत बोलावलं, स्वतःची खुर्ची दिली आणि पत्र हातात ठेवलं. ‘सदर मृत्यूचं कारण विजेचा झटका बसणे हे असून, हृदयविकार ही नोंद या कार्यालयाच्या चुकीमुळे झाली होती. नोंद दुरुस्त करण्यात आली आहे.’ खाली शिक्का, साहेबांची सही, कोडबाईंची सही.

बाईचा जीव भांड्यात पडलेला दिसला. ती उठायला लागली.

"थांबा," कोडबाई म्हणाल्या. "सोबत एक कागद जोडलाय. तो डॉक्टर वाचणारच, पण त्याच्या आधी तुम्ही वाचावा असं मला वाटतं. तुमच्या घरी नर्स आली होती तेव्हा तुम्ही नाव, वय, तारीख सांगितलीत आणि आत जाऊन पडलात. आठवतंय?"

"अंधुक."

"ती अजून तासभर बसली होती. तुमच्या मुलीशी बोलत."

बाईने कागद घेतला. निळी शाई, बारीक अक्षर. वाचता वाचता तिचं बोट ओळींखालून सरकत होतं आणि एका जागी थांबलं. तिथे लिहिलं होतं: ‘मुलगी, वय पाच, सांगते: बाबा मशीनला चिकटले. मी हाक मारली तर बोलले नाहीत. मी त्यांना ओढायला गेले. बाबांनी डोळ्यांनी नको म्हटलं. मग मी शेजारी पळत गेले. खूप जोरात पळाले.’

तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या. जन्मवाला कारकून हातातलं काम टाकून खिडकीबाहेर बघत राहिला.

"मला वाटायचं ती झोपलेली होती," ती शेवटी म्हणाली. "शेजारी म्हणाले आवाज आला म्हणून आलो. हिने बोलावलं ते कुणी सांगितलंच नाही. तिलाही आठवत नाही." तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती पुसत नव्हती. "बाई, हिने हात लावला असता तर."

"नाही ना लावला. त्यांनी लावू दिला नाही."

"हे तिला दाखवू?"

"तिचंच आहे ते," कोडबाई म्हणाल्या. "तिनेच सांगितलंय. आम्ही आठ वर्षं वाचलं नाही, आमचं चुकलं. तुमची माफी मागते मी."

बाईने कोडबाईंचा हात धरला, घट्ट दाबला आणि निघाली. गणवेशांचं गाठोडं टेबलाखाली विसरली होती, ते घ्यायला धावत परत आली. घड्याळात साडेदहा वाजले होते.

सोमवारी शाळेतून एका ओळीचं पत्र आलं की मुलीला प्रवेश दिला आहे. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलं आणि त्या खिळ्यावर नवा तक्ता लागला, अर्धा छापील आणि अर्धा हाताने लिहिलेला. कादंबरीला कुणी कादंबरी म्हटलं तर कोडबाई आता डोळे वटारतात. आणि दर महिन्याला विजेने गेलेल्यांचा आकडा शून्य येत नाही म्हणून साहेबांनी वायरिंग तपासायला चार माणसं मागितली. दोन मिळाली. त्यांनी पहिल्या महिन्यात एकोणीस घरांतली मशीनं बंद करायला लावली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्या घरांतून मृत्यूचे कागद काही आले नाहीत.

पाच महिन्यांनी ऑफिसात फोन वाजला. मागे बराच गोंगाट होता, शिट्ट्या, लाऊडस्पीकर.

"बाई, मी बोलतेय. भिंगरीची आई. मैदानावरून बोलतेय. आत्ताच शर्यत झाली तिची."

"कितवी आली?"

"चौथी."

"चौथी म्हणजे वाईट नाही," कोडबाई घाईघाईने म्हणाल्या.

"वाईट कसलं, माझ्यापुढून गेली ती मला दिसलीसुद्धा नाही नीट." ती हसत होती की रडत होती ते कळेना, बहुधा दोन्ही. "आत्ता इथे गवतात आडवी पडलीय. माझा हात घेऊन छातीवर ठेवला तिने. म्हणाली, आई, बघ कसं धडधडतंय."

कोडबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, धडधडू दे."